तोंडापुढचा हात

त्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवढे नियम होते, तेवढे एखाद्या तुरुंगातही नसतील. घास तोंडात असताना बोलायचं नाही, हा नियम सगळ्याच घरांत असतो. पण इथे त्याच्यामागे सगळी पलटणच उभी होती. एका वेळी दोघांनी बोलायचं नाही. ताटात बघून बोलायचं नाही, मान वर करून बोलायचं. बोलताना तोंडापुढे हात, पेला, रुमाल, काहीही आणायचं नाही. पाण्याचा जग टेबलाच्या मधोमध ठेवायचा नाही. कुणाच्या ताटावरून हात लांब करायचा नाही, हवं ते मागून घ्यायचं. आणि भर दुपारीसुद्धा टेबलावरचा दिवा लागल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही.

नियम आईचे होते. तिनं कापडगिरणीच्या विणकामाच्या खात्यात सगळी उमेदीची वर्षं घालवली होती आणि शेवटी मुकादम होऊन घरी बसली होती. घरातले तिला पाठीमागे 'मुकादम' म्हणायचे, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले. तिनं ते चालवून घेतलं, कारण मनातून तिला ते आवडायचं.

लेकीला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत 'का' विचारायची खोड. आईकडे उत्तरं तयार असत. घास तोंडात असताना का बोलायचं नाही? घास अडकतो. दोघांनी एकदम का नाही? अन्नावरचं लक्ष उडतं. ताटात बघून का नाही? पाठीला पोक येतं. दिवसा दिवा कशाला? मग ताटात केस पडला तर दिसणार कसा? कारणं ऐकायला बरी होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. लेक मोठी झाली, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरीला लागली, मैत्रिणींच्या घरी जेवून आली आणि तिनं ठरवून टाकलं की आपली आई स्वभावानंच कडक आहे. काही माणसं असतात तशी, त्याला इलाज नाही.

खरं कारण एकच होतं आणि ते सगळ्या नियमांना पुरून उरत होतं. आईला ऐकू येत नव्हतं.

मागांनी तिचे कान खाल्ले होते. सगळे माग एकदम खडखडायला लागले आणि त्यांतले सुताचे धोटे इकडून तिकडे आपटायला लागले, की त्या खात्यात कानाचा उपयोग फक्त कानातलं अडकवण्यापुरता उरायचा. बायका ओठांवरून बोलायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला पोरांच्या तापापासून सासूच्या तिरसटपणापर्यंत सगळं सांगायची, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. कुणाची चहाडी करायची असली तर आवाज खाली आणून उपयोग नसे, कारण आवाज मुळात कुणालाच ऐकू येत नसे. तिथे तोंडापुढे हात धरावा लागे. त्यामुळे खात्यात कुठेही एखादीचा हात तोंडापुढे गेला, की समोरची ओळखायची, चाललंय ते आपल्याबद्दल.

अशा ठिकाणी कान गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही. आईला स्वतःलाही उशिराच लागला. आधी दाराची घंटा गेली, मग उकळत्या किटलीचा आवाज, मग शेजारच्या खोलीतून मारलेली हाक. टेबलावरचं बोलणं जायला लागलं, तेव्हा तिनं कंबर कसली. घास चावणारे ओठ वाचता येत नाहीत, म्हणून पहिला नियम. एकाच वेळी दोन तोंडांकडे बघता येत नाही, म्हणून दुसरा. पाण्याच्या जगाआड नेमकी समोरच्याची हनुवटी जायची, म्हणून जग कडेला गेला. ताटावरून लांबवलेला हात चेहऱ्याच्या आड येतो, म्हणून तोही बंद. एकेक अडचण आली, तसा एकेक नियम आला, आणि प्रत्येकाला तिनं एकेक खोटं कारण शिवून दिलं.

एकाच गोष्टीपुढे तिनं हात टेकले होते, ती म्हणजे नवऱ्याची मिशी. तो गिरणीत माग दुरुस्त करायचा, आणि त्याची मिशी अशी घनदाट की वरचा ओठ दुकानावरच्या छपराखाली असावा तसा आत गडप. मिशीवर कसला नियम करणार आणि कारण तरी काय सांगणार, या विवंचनेत ती असतानाच एका सकाळी तो ती साफ उतरवून न्याहारीला आला. उन्हाळ्यात खाज येते, म्हणाला. नशीब कधी कधी असं धावून येतं, असं तिला वाटलं आणि तिनं तो विषय तिथेच सोडला.

एवढं सगळं लपवायचं कशाला, असं कुणी विचारील. आई हट्टी होती हे खरं, पण कारण नुसतं तेवढंच नव्हतं. तिच्या शेजारच्या मागावर एक बाई होती, सगळ्या तिला आक्का म्हणत. आक्काचे कान गेल्याचं तिच्या घरी कळलं. त्यानंतर आई एकदा तिला भेटायला गेली, तर सून आक्काच्या डोक्यावरून आईलाच विचारत होती, यांना चहा चालेल का. मग सगळे जेवायला बसले, आणि जेवता जेवता आक्काची मुलं हिला पुढं कोण सांभाळणार यावर वाद घालत बसली. आक्का समोरच होती, चमच्यानं सूप पीत होती, आणि एकेक शब्द ओठांवरून वाचत होती. ती वाचू शकते हे त्यांच्या गावीही नव्हतं. कपाट दुसऱ्या खोलीत हलवायचं असलं तर आपण कपाटासमोर बोलतोच की. आईनं त्या दिवशी कानाला खडा लावला. घरात आपलं कपाट होऊ द्यायचं नाही. सगळे आपल्याला घाबरले तरी चालेल.

आणि ते इतकी वर्षं चाललंही. मग लेकीनं बेकरीवाल्याला जेवायला आणलं.

बेकरीवाला म्हणजे लेकीच्या कचेरीसमोरच्या बेकरीत पाव भाजणारा मालक. पहाटे उठणारा, कामसू, उंचापुरा माणूस, आणि त्याचे हात म्हणजे फावडी. लेकीनं त्याच्याशीच लग्न करायचं ठरवलं होतं आणि आईवडिलांनी त्याला एकदा बघावं, एवढंच बाकी होतं. तो ताजा पाव घेऊन आला. वडील बसल्याशिवाय बसला नाही, त्यांनी सुरू केल्याशिवाय चमच्याला हात लावला नाही, सूप पिताना फुर्र केलं नाही. आईला सुरुवातीला त्याच्यात काहीच खोट काढता येईना, आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

मग तो बोलायला लागला. बोलायच्या आधी त्याचा उजवा हात वर आला आणि तोंडापुढे उभा राहिला. त्या हातामागे तोंड गेलं, हनुवटी गेली, अर्धं नाक गेलं. वर नुसते दोन डोळे, भलतेच नम्र. तो काहीतरी म्हणाला. आईनं हुंकार दिला. त्याचे डोळे थांबले, म्हणजे तो प्रश्न असावा. तिनं मान हलवली. लेकीनं चमकून बघितलं, म्हणजे मान नको तिथे हलली होती. खात्यातून बाहेर पडल्यापासून तिला इतकं बहिरं कधीच वाटलं नव्हतं.

सूप संपून मासा आला, तेव्हा तो लेकीकडे वळला, हात होताच तोंडापुढे, काहीतरी म्हणाला, आणि लेक हसली. हसून तिनं आईकडे बघितलं.

आईपुरतं प्रकरण तिथेच निकालात निघालं. माणूस आपल्याच टेबलावर बसून, आपलाच मासा खाऊन, आपल्याच लेकीपाशी आपली चहाडी करतो. आयुष्यभर तिनं तोंडापुढचा हात बघितला होता आणि त्याचा दुसरा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

तो गेल्यावर तिनं लेकीला सांगून टाकलं, हा माणूस नको. लेकीनं विचारलं, का. आई म्हणाली, त्याला जेवायची रीत नाही. यावर लेक आधी हसली आणि मग तिचा चेहरा उतरला, कारण अख्ख्या शहरात त्याच्याइतका रीतीनं जेवणारा माणूस दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. बोलताना तोंड झाकावं ही त्यांच्या घरची रीत आहे, ती म्हणाली. उलट तो तुम्हाला मान देत होता. आईनं तोच पाढा पुन्हा वाचला: घास अडकतो, लक्ष उडतं. तेव्हा लेक आईच्या समोर येऊन उभी राहिली.

"तो रविवारी परत येईल," ती म्हणाली. "जे काय कारण असेल ते त्याच्या तोंडावर सांग. खरं असलं तर मी ऐकेन. पण पुन्हा घास अडकायचं काढलंस, तर मी त्याच्याबरोबर उठून जाईन आणि या टेबलाशी परत बसणार नाही."

ती मान वर करून, एकेक शब्द सुटा बोलली, आणि तिचा हात चेहऱ्याजवळही नव्हता. भांडतानासुद्धा पोरीनं सगळे नियम पाळले, हे आईच्या लक्षात आलं, आणि त्याचा तिला अशा वेळीही अभिमान वाटला.

तो आठवडा आईनं मूग गिळून काढला. खरं कारण सांगायचं तर कपाट व्हायचं. नाही सांगायचं तर लेक जायची, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी पोरगी होती; हा गुण कुणाकडून आला हे शोधायला लांब जायला नको होतं. नवऱ्याशी बोलावं असं तिच्या एकदोनदा मनात आलं. तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. तिनं तोंड उघडलं, त्यानं पेपर खाली घेऊन तिच्याकडे बघितलं, आणि तिनं फक्त विचारलं की रविवारी मासा आणायचा का. त्यानं आणू म्हटलं.

रविवारी दुपारी बेकरीवाला आला. त्याला लेकीनं काहीतरी सांगितलं असणार, कारण तो खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्यानं आणलेला पाव कुणी कापायच्या आधीच त्याची माफी मागत असावा, असे त्याचे डोळे होते. तोंड अर्थातच हातामागे होतं. आईनं दिवा लावला. जग कडेला सरकवला. सगळ्यांना सूप आणि मासा वाढला. लेक ताटाला हात न लावता तिच्याकडे बघत बसली होती.

बेकरीवाल्यानं एक घास खाल्ला, हात वर नेला आणि आईकडे बघून काहीतरी विचारलं.

"हात खाली घ्या," आई म्हणाली.

हात जागच्या जागी थांबला. लेकीनं खुर्ची मागे सरकवली. आवाज आईला ऐकू आला नाही, पण टेबल हललं ते कळलं.

"तुम्ही काय बोलता ते मला कळत नाही," आई म्हणाली. "मला तुमचे ओठ दिसत नाहीत. ओठ दिसले नाहीत तर मला काहीच कळत नाही. मला ऐकू येत नाही. ही लहान होती तेव्हापासून येत नाही."

एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. तिनं खात्यातलं सगळं सांगितलं, मागांचं, ओठांवरच्या बोलण्याचं, जगाचं, दिव्याचं. घास अडकतो हे मी बनवलं, म्हणाली, कुणाचा घास अडकलेला मी जन्मात बघितला नाही. आमच्या खात्यात तोंडापुढे हात धरून फक्त चहाड्या करतात, म्हणून मला वाटलं तुम्ही माझीच करताय. हे बोलताना ती नेहमीप्रमाणे मोठ्यानं बोलत होती, आणि मोठ्यानं बोलतोय हे तिला नेहमीप्रमाणे कळत नव्हतं. शेजारच्या घराला बातमी फुकट मिळाली.

मग ती थांबली आणि एकेका तोंडाकडे बघायला लागली. कुणाचेच ओठ हलत नव्हते. आता हे एकमेकांकडे बघतील आणि माझ्या डोक्यावरून बोलायला लागतील, असं तिला वाटलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

बेकरीवाल्यानं घास गिळला. त्याचा हात हळूहळू खाली आला आणि ताटाशेजारी येऊन पडला. पहिल्यांदाच तिला त्याचं तोंड दिसलं. साधंच होतं, पुढचा एक दात जरा तिरका.

"माझ्या आईला छातीचा आजार होता," तो म्हणाला. "दुसऱ्याला लागणारा होता. तेव्हा मी लहान होतो. ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसायची आणि माझ्याशी बोलताना तोंडापुढे हात धरायची. तिचा श्वास माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. मला वाटायचं, जेवताना असंच बोलतात. मीही धरायला लागलो. ती गेली, पण मला हात खाली घे असं कुणी म्हटलंच नाही. तिचं तोंड कसं होतं ते मला आठवत नाही, काकू. हात आठवतो."

आईनं यातला एकेक शब्द वाचला आणि तिला गलबलून आलं. ज्या हाताला ती आठवडाभर शिव्या घालत होती, तो याचा नव्हताच. कुठली कोण बाई, आपल्याच पोराला आपली बाधा होऊ नये म्हणून टेबलाच्या टोकाला जाऊन बसलेली. तिच्याही टेबलावर असेच नियम असणार, आणि पोरांना तीही काहीतरी खोटंच कारण सांगत असणार.

"त्या दिवशी हिला काय सांगितलंत?" आईनं विचारलं. "ही हसली आणि माझ्याकडे बघितलं."

बेकरीवाला लाजला, आणि त्याचा हात आपोआप वर निघाला. आईनं टेबलावर झुकून, मधल्या सगळ्या ताटांवरून हात लांब करून, त्याचं मनगट धरलं आणि टेबलावर दाबून ठेवलं. तिची बाही सुपात बुडाली. त्या टेबलावर असा हात आजवर कुणी लांब केला नव्हता.

"आता बोल," ती म्हणाली. आपण त्याला 'तू' म्हणालो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"मी म्हटलं, तुझ्या आईइतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नाही."

वडील हसायला लागले. आईलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

लेक हसली नाही. ती मान खाली घालून बसली होती, आणि तिचे खांदे हलत होते. ताटात बघून ती काहीतरी बोलली. आईला ते दिसलं नाही. लेकीच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं डोळे पुसले, मान वर केली, दिव्याच्या उजेडात चेहरा आणला आणि पुन्हा बोलली.

"मला का नाही सांगितलंस, आई? मी तुला उगाच कडक म्हणत राहिले."

"कडक आहेच मी," आई म्हणाली. "ते काही खोटं नाही." मग तिनं आक्काचं सांगितलं, चहाचं आणि कपाटाचं. लेक उठली, आईच्या खुर्चीला वळसा घालून पुढे आली, समोरून, आणि तिच्या गळ्यात पडली. मागून आली असती तर आई दचकली असती. अवघ्या काही क्षणांत पोरगी शिकली.

हे सगळं होईपर्यंत मासा गार झाला होता. वडील तो शांतपणे खात होते. इतकी मोठी गोष्ट ऐकून हा माणूस चकार शब्द बोलत नाही, याचं आईला नवल वाटलं आणि मग राग आला.

"तुम्हाला काहीच नाही का वाटलं?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं मी तुमच्यापासून लपवलं."

वडिलांनी घास संपवला. पेला खाली ठेवला. मान वर केली.

"मग मिशी काय मी खाजेनं काढली?" ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. टेलिफोन वाजला की हा माणूस नेहमी आधी उठायचा. काही सांगायचं असलं तर स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायच्या ऐवजी ओट्याला वळसा घालून समोर यायचा. तिला वाटायचं, गिरणीची सवय, दुसरं काय. ज्या मिशीला तो तरुणपणी तेल लावायचा, जिच्यावरून खात्यातल्या पोरी त्याला चिडवायच्या, ती त्यानं एका सकाळी वस्तऱ्यानं उतरवली होती आणि त्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता.

"आता सगळ्यांना कळलंच आहे," वडील म्हणाले, "तर वाढवू का परत?"

"नको," आई म्हणाली. "तुमचं मला सगळ्यात नीट ऐकू येतं."

मग तिनं बेकरीवाल्याचा हात सोडला आणि पाव कापायला घेतला.